पीएचडीसाठी लॅपटॉप: स्क्रीन किती इंच, आणि सहा वर्षं टिकणार का?



पेट झाली, मुलाखत झाली, प्रवेश मिळणार असं दिसायला लागलं की मला एक प्रश्न हमखास येतो: "ताई, पीएचडीला कुठला लॅपटॉप घेऊ?" मॉडेलचं नाव मी सांगत नाही. तुम्ही हा लेख वाचेपर्यंत ते मॉडेल बाजारातून गेलेलं असतं आणि त्याच नावाचं, आतून वेगळंच काहीतरी आलेलं असतं. पण निवडायचं कसं हे सांगता येतं. यात दोनच गोष्टींवर मी जास्त बोलणार आहे, स्क्रीन आणि टिकाऊपणा. बाकीचं दुकानदार सांगतोच.

आधी काळाचा हिशोब करू. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. आता बघा, कामाचा सगळ्यात मोठा भार कधी येतो? शेवटच्या वर्ष-दीड वर्षात. प्रबंधाचं लेखन, आकृत्या, दुरुस्त्या, शोधनिबंधाची तिसरी आवृत्ती, सगळं एकदम. म्हणजे लॅपटॉप सगळ्यात म्हातारा झालेला असताना त्याच्याकडून आपण सगळ्यात जास्त काम मागतो. आणि वॉरंटी बहुतेक वेळा एकाच वर्षाची असते. त्यामुळे "आज किती फास्ट आहे" हा प्रश्न आपला नाही. पाचव्या वर्षी, मार्गदर्शकांनी "सोमवारपर्यंत प्रकरण चार पाठवा" म्हटल्यावर तो चालू असेल का, आणि नसला तर दोन दिवसांत दुरुस्त होईल का, हा आपला प्रश्न.

पैशाचंही तसंच. जेआरएफ मिळालेल्यांना पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, तेही कधी कधी चार-चार महिने थांबून. तासिका तत्त्वावर शिकवत पीएचडी करणाऱ्यांचं तर विचारूच नका. मधेच दुसरा लॅपटॉप घेणं सगळ्यांना परवडत नाही. म्हणून एकदाच, पण विचार करून.

इंच फसवतात

स्क्रीनचे इंच कर्णात मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. पण आपण वाचतो ते कर्णात नाही, वरून खाली. म्हणून इंचांच्या शेजारी लिहिलेला दुसरा आकडा बघायचा, रुंदी आणि उंचीचं प्रमाण. जुन्या आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये ते १६:९ असतं, सिनेमा बघायला छान. आता बऱ्याच मॉडेलांत १६:१० मिळतं.

फरक किती पडतो ते शाळेतल्या पायथागोरसनेच काढता येतं. १५.६ इंची १६:९ स्क्रीन साधारण ३४.५ सेंटीमीटर रुंद आणि १९.४ सेंटीमीटर उंच भरते. १४ इंची १६:१० स्क्रीन ३०.२ सेंटीमीटर रुंद आणि १८.८ उंच. म्हणजे ज्याला आपण "मोठी स्क्रीन" म्हणून जास्त वजन उचलतो, ती उंचीला फक्त अर्ध्या सेंटीमीटरने मोठी! उलट १६ इंची १६:१० स्क्रीन १५.६ इंचीएवढीच रुंद असते, पण उंची साडेएकवीस सेंटीमीटर. हे दोन सेंटीमीटर म्हणजे पीडीएफमधल्या चार-पाच ओळी. दिवसभर शोधनिबंध वाचणाऱ्याला त्या चार ओळींची किंमत कळते.

आता रुंदी कुठे लागते? डावीकडे पीडीएफ, उजवीकडे वर्ड उघडून लिहिताना. ए-४ कागद २१ सेंटीमीटर रुंद असतो. १४ इंची स्क्रीन अर्धी केली की वाट्याला १५ सेंटीमीटर येतात. पूर्ण पान त्यात बसवलं तर ते मूळ आकाराच्या ७२ टक्के होतं, म्हणजे दहा पॉइंटचा मजकूर सात पॉइंटचा दिसायला लागतो. १६ इंचीत हेच प्रमाण ८२ टक्के. पानाच्या कडांचं कोरं मार्जिन बाहेर जाईल इतका झूम केला तर दोन्हीकडे थोडी सुधारणा होते, आणि १६ इंचीवर मजकूर जवळपास छापील आकाराचा दिसतो. १४ इंचीवर मात्र दोन खिडक्या शेजारी ठेवून तासन्‌तास काम करणं डोळ्यांना जड जातं. ते होत नाही असं नाही, पण मग सारखं अल्ट-टॅब करत राहावं लागतं.

मग १६ इंची घ्या, असं मी म्हणेन असं वाटलं असेल. नाही म्हणणार. किंवा खरं तर, तुम्ही कुठे बसून काम करता त्यावर म्हणेन.

रोज लोकलने किंवा एसटीने जाणारे, ग्रंथालय, विभाग आणि घर अशा तीन जागी बसणारे, फिल्डवर्कला जाणारे यांनी १४ इंचीच घ्यावा. वजन सव्वा ते दीड किलो, १५-१६ इंचीचं पावणेदोन-दोन. अर्धा किलोचा फरक दुकानात हातात धरून कळत नाही. पाठीवर, पुस्तकं आणि पाण्याच्या बाटलीसकट, उभ्याने दीड तास गेल्यावर कळतो. आणि जड लॅपटॉपचं होतं काय, तर तो हळूहळू घरीच राहायला लागतो.

मग दोन खिडक्यांचं काय? घरी किंवा होस्टेलच्या खोलीत एक बाहेरचा मॉनिटर. २४ इंची साधा मॉनिटर साधारण ५३ सेंटीमीटर रुंद आणि जवळपास ३० सेंटीमीटर उंच असतो. ए-४ कागदाची उंची २९.७ सेंटीमीटर. म्हणजे अख्खं पान खऱ्या आकारात, शेजारी दुसरं पान, आणि वर अकरा सेंटीमीटर शिल्लक. फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा असा मॉनिटर दहा हजारांच्या आसपास येतो. लॅपटॉप सहा वर्षांनी जाईल, मॉनिटर बहुधा पुढच्या लॅपटॉपलाही चालेल. शिवाय मान खाली घालून बसावं लागत नाही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर आणता येते, लॅपटॉपवर ते स्टँड आणि वेगळा कीबोर्ड घेतल्याशिवाय जमतच नाही. माझ्या मते १४ इंची लॅपटॉप अधिक मॉनिटर ही जोडी बहुतेकांसाठी १६ इंचीपेक्षा बरी. मॉनिटर ठेवायला टेबलच नसेल, चार जणांची खोली असेल, आणि लॅपटॉप फारसा हलणार नसेल, तर मात्र सरळ १६ इंची घ्या.

रिझोल्यूशन, आणि आपली जोडाक्षरं

१३६६ बाय ७६८ ची स्क्रीन अजूनही स्वस्त लॅपटॉपमध्ये दिसते, आणि सेकंडहँडमध्ये तर भरपूर. घेऊ नका. १५.६ इंचांवर तिचे इंचाला जेमतेम शंभर ठिपके होतात. इंग्रजी अक्षरं त्यात कशीबशी निभावतात, पण देवनागरीत मात्रा, रफार, "ष्ट्य", "द्ध्य" अशी जोडाक्षरं लहान आकारात नुसती गिचमीड होतात. मराठी, इतिहास, समाजशास्त्रवाल्यांनो, तुम्ही हस्तलिखितांचे स्कॅन आणि जुन्या नियतकालिकांचे धुरकट पीडीएफ वाचणार आहात, तुमच्यासाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. १४ इंचांवर १९२० बाय १२०० असेल तर इंचाला १६० ठिपके पडतात, ते पुरेसे आहेत.

त्याहून जास्त घेण्यात एक गंमत आहे. ठिपके वाढले की अक्षरं बारीक होतात, मग विंडोज त्यांना १२५ किंवा १५० टक्के मोठं करून दाखवतं. १९२० बाय १२०० ची स्क्रीन १५० टक्क्यांवर चालवली की तिच्यावर मावणारा मजकूर १२८० बाय ८०० एवढाच राहतो. अक्षरं जास्त सुबक दिसतात, पण जागा वाढत नाही. "टू-के स्क्रीन आहे मॅडम, खूप काही मावेल" असं कोणी म्हणालं तर हे आठवा. जास्त ठिपके बॅटरीही जास्त खातात.

उजेड निट्समध्ये मोजतात. २५० निट्स अंधाऱ्या खोलीत ठीक, पण खिडकीजवळ किंवा ग्रंथालयाच्या ट्यूबलाइटखाली कमी पडतात. ३०० च्या पुढे बघा, शक्य असेल तर ४००. आणि मॅट, चकचकीत नको; चकचकीत स्क्रीनवर आपला चेहरा सोडून दुसरं काही दिसत नाही.

रंगांचं सगळ्यांना लागत नाही. पण मी भूगोलात आहे, उपग्रहांच्या प्रतिमांवर काम करते, आणि स्वस्त पॅनेलवर हिरव्याच्या दोन छटा एकच दिसतात हा रोजचा अनुभव आहे. मायक्रोस्कोपच्या प्रतिमा, कला-इतिहास, नकाशे यांपैकी काही असेल तर माहितीपत्रकात "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेला लॅपटॉप टाळा आणि "१०० टक्के एसआरजीबी" शोधा. ओएलईडी स्क्रीन दिसायला अप्रतिम असते, पण सहा वर्षं रोज त्याच जागी तोच टास्कबार आणि तीच वर्डची पट्टी राहिली तर तिचा डाग राहण्याचा धोका असतो, आणि काहींचे डोळे तिच्या सूक्ष्म लुकलुकण्याने दुखतात. लेखनाच्या लॅपटॉपसाठी मी साधा आयपीएसच घेईन.

टिकणं म्हणजे नेमकं काय

लॅपटॉप एकदम मरत नाही, तुकड्या-तुकड्याने मरतो. आधी बॅटरी, मग बिजागरी, चार्जिंगचा पोर्ट, कीबोर्डची दोन-चार बटणं, पंखा. यातली प्रत्येक गोष्ट बदलता येते की नाही, यावर त्याचं आयुष्य ठरतं. प्रोसेसर सहसा शेवटपर्यंत ठणठणीत असतो, आणि आपण दुकानात चर्चा मात्र त्याचीच करतो.

म्हणून माझा एक सल्ला, जो कोणी देत नाही: लॅपटॉप घेण्याआधी त्याचं दुरुस्तीचं मॅन्युअल डाउनलोड करा. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशा ऑफिससाठी बनवलेल्या मालिकांची मॅन्युअलं कंपन्या स्वतःच्या वेबसाइटवर मोफत ठेवतात, कुठला स्क्रू कुठे इथपर्यंत चित्रांसकट. त्यात तीन गोष्टी बघा. बॅटरी स्क्रूने बसवली आहे की चिकटवली आहे? कीबोर्ड वेगळा निघतो की वरच्या अख्ख्या झाकणासकट बदलावा लागतो? रॅमला स्लॉट आहे की ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे? मॅन्युअलच सापडलं नाही, तर तेही एक उत्तरच.

रॅम सोल्डर केलेली असेल (पातळ लॅपटॉपमध्ये हल्ली बहुतेक असतेच) तर आजच १६ जीबी घ्या. "आत्ता ८ घेऊ, मग वाढवू" यातलं "मग" तिथे येतच नाही. ब्राउझरच्या वीस टॅब, झोटेरो, वर्ड, आणि त्यात क्यूजीआयएस किंवा आर उघडलं की ८ जीबी आजच संपते, पाच वर्षांनी काय होईल.

बिजागरीचं सांगते. स्वस्त प्लास्टिक बॉडीत बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकच्या बारीक खांबांमध्ये बसवलेले असतात. बिजागरी कालांतराने घट्ट होते, आपण स्क्रीन एका कोपऱ्याला धरून उघडतो, सगळा पीळ त्या खांबांवर येतो आणि एक दिवस "कट्" असा आवाज होतो. आमच्या विभागातल्या एका सीनियरच्या लॅपटॉपचं हे तिसऱ्या वर्षी झालं. प्रबंधाचा निम्मा भाग त्यांनी स्क्रीन भिंतीला टेकवून लिहिला. दुकानात लॅपटॉप उघडून बघा. कीबोर्डवर मधोमध बोटाने दाबा, फार लवतो का? स्क्रीनच्या कोपऱ्याला हलका पीळ द्या, करकरतो का? दुकानदार थोडा नाराज होईल, होऊ दे. आणि घरी उघडताना नेहमी मधोमध धरून उघडा.

बॅटरीचं गणित सोपं आहे. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण सायकलींनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते. काही कंपन्या १००० सायकली सांगतात, उदाहरणार्थ ॲपल. रोज एक पूर्ण सायकल धरली तर ५०० सायकली दीड वर्षाच्या आतच संपतात. म्हणजे सहा वर्षांत एकदा तरी, बहुधा दोनदा, बॅटरी बदलायची आहे हे आजच बजेटमध्ये धरा. आयुष्य वाढवायचं असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बघा, आणि टेबलावर प्लग लावून काम करताना ती चालू ठेवा. बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. अनेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपूरच्या खोलीबद्दल मी वेगळं काय सांगू. गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका, खालून हवा जायला जागा हवी. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसायला लागला, झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे. तो लॅपटॉप त्याच दिवशी वापरायचा आणि चार्ज करायचा थांबवा. "चालतोय तोवर चालवू" इथे चालत नाही.

आता ज्याचा विचार आपण करत नाही ते. लॅपटॉप ठणठणीत असून म्हातारा होऊ शकतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर. त्यामुळे २०१७ च्या सुरुवातीला चांगले पैसे देऊन घेतलेले, आजही छान चालणारे कितीतरी लॅपटॉप अधिकृतपणे बाहेर पडले. ॲपलकडेही तेच; मॅकओएस टाहो ही इंटेलवाल्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती आहे. म्हणून "स्टॉक क्लिअरन्स"मध्ये तीन-चार वर्षांपूर्वीचा प्रोसेसर नव्याच्या भावात मिळत असेल तर तुम्ही सहातली तीन वर्षं आधीच खर्चलेली असतात. अर्थात लिनक्सवर जुना लॅपटॉप आणखी बरीच वर्षं निघतो. तुमचं काम लाटेक, पायथन, आर यांत असेल तर तो उत्तम मार्ग. पण मार्गदर्शक वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस करून पाठवत असतील तर आधी विचार करा.

एसएसडीबद्दल एक भीती असते, की लिहून लिहून ती झिजते. ५१२ जीबीच्या ड्राइव्हला कंपन्या साधारण १५० ते ३०० टीबी लेखनाची हमी देतात. रोज २० जीबी लिहिलंत, तर वर्षाला सात टीबीच्या थोडं वर होतात, सहा वर्षांत ४४. झिजण्याची काळजी सोडा. पण एसएसडी जाते तेव्हा बऱ्याचदा न सांगता जाते, हार्ड डिस्कसारखी आधी खडखड करत नाही. म्हणून टिकाऊ लॅपटॉप कितीही घेतला तरी डेटाच्या तीन प्रती: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर. बाहेरची डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका, बॅग चोरीला गेली तर दोन्ही जातात.

जुना घ्यावा का, गेमिंगचा घ्यावा का

बजेट तीस हजारांच्या आत असेल तर नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कंपनीच्या लीजवरून परत आलेला, ऑफिस मालिकेचा १४ इंची लॅपटॉप मी पसंत करेन. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन रीफर्बिश्ड विक्रेत्यांकडे असे ढीगभर असतात. सुटे भाग मिळतात, कुठलाही चांगला कारागीर उघडू शकतो. फक्त तो सहा वर्षं जाईल असं गृहीत धरू नका, तीन धरा, आणि उरलेले पैसे बाजूला ठेवा. घेताना विंडोज ११ च्या यादीतला प्रोसेसर आहे ना, बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना हे बघा. बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतःच काढून देतं; त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी-शेजारी असतात. ६० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून कमी करून घ्या.

गेमिंग लॅपटॉप "मशीन लर्निंग करायचं आहे" म्हणून घेतले जातात. सव्वादोन किलो, वर अर्ध्या किलोचा चार्जर, दोन-तीन तासांची बॅटरी, आणि ग्रंथालयात पंख्याचा आवाज. मोठी गणितं सर्व्हरवर चालवायची असतात. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, तुमच्या विद्यापीठातही काहीतरी असेल, किंवा गूगल कोलॅब. त्यासाठी लॅपटॉपला लागतं फक्त इंटरनेट आणि चांगला कीबोर्ड. तुमच्या गटात सर्व्हर आहे का, हे आधी सीनियरना विचारा, मग ग्राफिक्स कार्डावर पैसे घाला.

वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवता येत असेल तर सेलमधल्या हेडफोन-बॅगेऐवजी ती घ्या, आणि "ऑन-साइट" आहे ना ते बघा, म्हणजे माणूस घरी येतो. पण आधी तुमचा पिनकोड टाकून खात्री करा. पुण्यात दुसऱ्या दिवशी येणारा माणूस तालुक्याच्या गावी येईलच असं नाही. पडणं आणि पाणी सांडणं साध्या वॉरंटीत येत नाही, त्याचं वेगळं संरक्षण असतं.

कंटिन्जन्सीतून किंवा प्रकल्पाच्या पैशांतून घेणार असाल तर विभागाच्या कार्यालयात दोन गोष्टी खरेदीच्या आधी विचारा: बिल कोणाच्या नावाने हवं, आणि पीएचडी संपल्यावर लॅपटॉप परत करायचा का. कोटेशन तीन लागतात की एक, तेही. बिल आधी आणि चौकशी नंतर केली की फाइल फिरत राहते.

लॅपटॉप हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात, परतीची मुदत आहे तोवर, त्याला दमवा. पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी प्रतिमा लावून स्क्रीनवर मेलेले ठिपके शोधा, प्रत्येक पोर्टला काहीतरी लावा, कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबा, दोन तास बॅटरीवर तुमचं खरं काम करा. वॉरंटीची सुरुवात कंपनीच्या साइटवर तुमच्या खरेदीच्या तारखेपासूनच दिसते ना, हेही त्याच आठवड्यात तपासा; दुकानात पडून राहिलेल्या नगाची ती कधी कधी आधीच सुरू झालेली असते, आणि बिल दाखवून ती दुरुस्त करून घेता येते.